रेफरन्स परत आले, आता काय करू?

प्रश्न : ताई, मी ठाणे खाडीतल्या तिवरांवर पेपर लिहिलाय. जर्नलने रिव्ह्यूला न पाठवताच परत केला, मेलमध्ये एवढंच की रेफरन्स आमच्या स्टाइलमध्ये नाहीत. साठ-सत्तर रेफरन्स आहेत, सगळे वर्डमध्ये हाताने टाइप केलेले. गाइड म्हणतात एपीए आणि व्हँकुव्हर या रेफरन्स लिहिण्याच्या दोन्ही स्टाइलची खिचडी झालीये. सगळं परत टाइप करायचं का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात नको! परत टाइप कराल तर जुन्या चुका जातील आणि नव्या येतील, बाकी काही नाही.

आधी जर्नलच्या साइटवर लेखकांसाठीच्या सूचनांचं पान उघडा आणि शेजारी त्यांच्या ताज्या अंकातला एक पेपर ठेवा, कारण ते पान कधीकधी वर्षानुवर्षं कोणी बदललेलं नसतं. मजकुरात कंसात आडनाव आणि वर्ष दिसलं आणि शेवटची यादी आडनावाप्रमाणे लावलेली असेल तर एपीएसारखी स्टाइल. मजकुरात आकडे असतील आणि यादी ज्या क्रमाने उल्लेख येतात त्या क्रमाने असेल तर व्हँकुव्हरसारखी. (१९७८ मध्ये मेडिकल जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या त्या शहरात जमले होते, तिथून हे नाव पडलं.) आकड्यांची स्टाइल हाताने सांभाळणं म्हणजे शिक्षाच, मध्ये एक रेफरन्स घुसवला की पुढचे सगळे नंबर हलतात.

म्हणून झोटेरो हे रेफरन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, वर्डमध्ये त्याचं बटण येतं. पेपरचा डीओआय (म्हणजे प्रत्येक पेपरला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक) टाकला की लेखक, वर्ष, अंक, पानं सगळं आपोआप भरतं, आणि स्टाइल बदलायची तर एक सेटिंग बदला, अख्खी यादी बदलते. उद्या या जर्नलने नाही म्हटलं आणि दुसरीकडे पाठवायचा झाला तरी दोन मिनिटांचं काम.

पण आता खरी मेहनत सांगते, इथेच सगळे घसरतात. सॉफ्टवेअर फक्त मांडणी करतं, आत भरलेली माहिती चुकीची असेल तर तीच चूक छान सजवून देतं. बाहेरून आलेली नोंद तशीच सोडू नका. काही शीर्षकं सगळी कॅपिटलमध्ये येतात, काहींत प्रत्येक शब्द कॅपिटल. एपीएमध्ये लेखाच्या शीर्षकाचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल लागतं (आणि विशेषनामं, आणि कोलननंतरचा पहिला शब्द). झोटेरोत शीर्षकावर राइट क्लिक केलं की सेंटेन्स केसचा पर्याय मिळतो, तो दाबा, पण नंतर नजर फिरवा, कारण त्या नादात ठाणे आणि मुंबईचं पहिलं अक्षरही लहान होऊ शकतं. तुमच्या विषयात अ‍ॅव्हिसेनिया मरीना वगैरे तिवरांची शास्त्रीय नावं असणारच, ती तिरकी यायला हवीत, त्यासाठी शीर्षकातच नावाच्या मागेपुढे आय टॅग (<i> आणि </i>) टाकावा लागतो. आणि सिडकोचा रिपोर्ट असेल तर लेखकाच्या रकान्यात संस्थेचं पूर्ण इंग्रजी नाव एकाच चौकटीत भरा. दोन चौकटी ठेवल्या तर झोटेरो सिडकोला माणूस समजतं आणि यादीत कॉर्पोरेशन हे आडनाव होऊन बसतं, पुढे इनिशियल्सची माळ! हसू नका, असं छापून आलेलं बघितलंय मी.

एपीएची सध्याची आवृत्ती सातवी. मजकुरात तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं आडनाव आणि एट अल (म्हणजे 'आणि इतर'), पण शेवटच्या यादीत वीसपर्यंत सगळी नावं द्यायची. प्रकाशकाचं गाव आता लिहायचं नाही. जुन्या थिसिसमधून कॉपी केलेल्या नोंदींत ते हमखास राहून जातं.

आणि खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला हे लिहिताना पेपरातल्या बातमीचा रेफरन्स देऊ नका, रामसरच्या साइटवर मूळ नोंद आहे ती द्या.

पाठवण्याआधी फाइलची एक कॉपी ठेवा आणि दुसऱ्या कॉपीत झोटेरोचे दुवे तोडा, म्हणजे रेफरन्स साधा मजकूर होतात. मूळ फाइलमध्ये तोडलेत तर रिव्हिजनला रडाल.

प्रश्न : माझा पेपर इंग्रजीत आहे पण अर्धे संदर्भ जुनी मराठी पुस्तकं, काहींवर फक्त शके दिलंय. शिवाय ठाण्याचं जुनं गॅझेटिअर वापरलंय. हे कसं लिहू? – नौपाडा, ठाणे

उत्तर : शकात ७८ मिळवा, म्हणजे शके १८२० चं पुस्तक १८९८ चं. पौष ते फाल्गुनाच्या सुमाराला छापलेलं असेल तर ७९ लागू शकतात, म्हणून महिना दिलाय का ते बघा. शीर्षक रोमन लिपीत, लगेच चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ, ही एपीएची पद्धत. रोमन स्पेलिंग कुठल्याही एका पद्धतीने करा पण शेवटपर्यंत तीच, नाहीतर एकच लेखक यादीत दोन ठिकाणी उगवतो. पुस्तक हातात नसेल तर नोटसवरून ठोकू नका, आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून ठाण्यातच आहे, जाऊन मुखपृष्ठाच्या आतलं पान बघून या.

गॅझेटिअर म्हणजे बॉम्बे प्रेसिडेन्सीचा तेरावा खंड, १८८२ चा. त्यात शहराचं स्पेलिंग जुनं आहे, ते सुधारायचं नाही, शीर्षक जसं छापलंय तसंच. भाग कितवा तेही लिहा. पुनर्मुद्रण वाचलं असेल तर मजकुरात दोन्ही वर्षं, मध्ये तिरकी रेघ. आणि दुसऱ्याच्या पुस्तकात त्यातला उतारा वाचला असेल तर तसं सांगा, यादीत फक्त तुम्ही प्रत्यक्ष वाचलेलं पुस्तक.

प्रश्न : चॅटजीपीटीकडून रेफरन्स फॉरमॅट करून घेतले तर चालेल का? काही नवीन पण सुचवले त्याने, एकदम परफेक्ट दिसतायत. – खारघर

उत्तर : परफेक्ट दिसतात हाच प्रॉब्लेम आहे. पत्त्यात वाशी, सेक्टर, सोसायटीचं नाव सगळं बरोबर वाटावं आणि तिथे गेल्यावर तशी बिल्डिंगच नसावी, तसे असतात ते. लेखक खरा, जर्नल खरं, पेपर मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही. प्रत्येकाचा डीओआय doi.org या साइटवर टाकून बघा, उघडला नाही किंवा भलताच पेपर उघडला तर आधी नावाने शोधा, तरी नाही सापडला तर नोंद काढून टाका. सापडला तरी वाचल्याशिवाय लावू नका. तुमचेच रेफरन्स त्याला फॉरमॅट करायला दिले तरी एखादं वर्ष किंवा पान गुपचूप बदललेलं सापडतं, मग सगळे परत तपासत बसा, त्यापेक्षा झोटेरो बरं. जर्नलने मागे घेतलेला पेपर तुमच्या झोटेरोच्या यादीत असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवून सांगतं, ही सोय खूप जणांना माहीतच नसते.

प्रश्न : रेफरन्सच्या यादीमुळे सिमिलॅरिटी (कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दाखवलेलं साम्य) वाढते, म्हणून थोडे कमी करू का? – कळवा

उत्तर : नको हो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे रेफरन्सची यादी तपासणीतून वगळायचीच असते. लायब्ररीत सांगा, यादी वगळून रिपोर्ट काढून द्या म्हणावं.