ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये चांगले पत्ते येऊनही मी ऐन वेळी बाहेर पडतो. निर्णय कसे घ्यावेत?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लातूरला शिकताय, रात्री फुकटातल्या टूर्नामेंट खेळता. काल बक्षीस नऊ जणांना होतं, दहा जण उरले होते आणि तुमच्याकडे चौदा ब्लाइंड होते (ब्लाइंड म्हणजे दर हाताला दोघांनी पाळीपाळीने सक्तीने घालायची रक्कम, एक छोटी, एक मोठी; स्टॅक, म्हणजे जवळच्या चिप्स, मोठ्या ब्लाइंडमध्ये मोजतात). टेबलावर एकाकडे जेमतेम दोनच ब्लाइंड, आणि मोठा ब्लाइंड त्याच्यावर यायला दोन हात बाकी. अशात सगळ्यात आधी बोलणाऱ्याने वीस ब्लाइंडचा अख्खा स्टॅक पुढे केला. तुम्ही बदामचे बादशहा-गुलाम बघून कॉल केला, म्हणजे बरोबरीने चिप्स घातल्या, त्याच्याकडे एक्का-बादशहा निघाला, तुम्ही दहावे. वर विचारलंय, "नशीबच फुटकं, की माझं काही चुकतंय?"

त्या हातावर येतोच. पण जरा लांबून येऊ द्या, कारण हे कळायला मला तीन वर्षं आणि उधारीच्या दोन वह्या लागल्या.

परभणी जिल्ह्यात, सेलूच्या बाजूला माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. जूनमध्ये जेवायला फुरसत नसते आणि मार्चमध्ये दिवसभर माशा मारतो. पोकर शिकलो लॉकडाउनमध्ये. नांदेडला होस्टेलवर तीन पत्ती खेळलेलो, त्यामुळे वाटलं, येतंच की आपल्याला. खरं सांगू का, तीन पत्तीने माझं पोकर जेवढं बिघडवलं तेवढं कशानेच नाही. तिथं पत्ते न बघता ब्लाइंड चाल मारत दम दाखवायचा असतो, पॅक करणाऱ्याला भित्रा म्हणतात. पोकरच्या भरल्या टेबलावर दहातले सात-आठ हात न खेळता टाकायचे असतात. पहिलं वर्ष हे पचलंच नाही.

आता पेरणीचं सांगतो. विषयांतर वाटेल, पण नाही. मराठवाड्यात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग आणि आमचं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतं. एका साली अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेच केलं. वल, म्हणजे जमिनीतली ओल बघितली, हातात माती दाबून बघितली, मग कापूस लावला. त्यानंतर बावीस दिवस आभाळ कोरडं. दुबार पेरणी, बियाण्याच्या पाकिटांचा खर्च परत. शेजारच्याने धूळपेरणी केली होती, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत पेरलं होतं. पहिल्याच सरीला त्याचं उगवून आलं, मुळं खाली गेली, पावसाचा खंड झेपला. पारावर सगळे म्हणाले, अण्णा चुकले. अण्णा तंबाखू मळत म्हणाले, "पुढल्या सालीबी मी वल बघूनच पेरणारय."

पुढच्या साली काय झालं ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही परत पिकाकडे बघूनच अण्णांना बरोबर की चूक ठरवाल. पत्ते खेळताना आपण नेमकं हेच करतो.

एक्क्यांची जोडी घेऊन सगळं लावलं आणि समोर बादशहाची जोडी निघाली, तर शंभरात ८१-८२ वेळा तुम्ही जिंकता. म्हणजे अठराएक वेळा हरता. हरलात म्हणून तुम्ही काही चुकलेला नसता. उलट टर्नवर (टेबलावरचा चौथा पत्ता) फ्लशची, म्हणजे एकाच रंगाच्या पाच पत्त्यांची, आशा धरून भलतीच रक्कम घातली आणि रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) हवं ते इस्पिक पडलं, तर जिंकूनही तो हात चुकीचाच खेळलेला असतो. हिशोब चौथीतल्या पोराचा आहे. पॉटमध्ये, म्हणजे मधे जमलेल्या रकमेत, ६०० आहेत, समोरच्याने आणखी ६०० लावले. तुम्ही ६०० घातले की पॉट होतो १८००, म्हणजे तुम्हाला तीनात एकदा जिंकायला हवं. फ्लश पुरा करणारे पत्ते उरलेत ९ आणि न दिसलेले पत्ते ४६. पाचात एकदासुद्धा जेमतेम. टाका. समोरच्याने ६०० ऐवजी १०० लावले असते, तर १०० घालून ८०० चा पॉट, आठात एकदा जिंकलात तरी भागतं. मग तोच हात आनंदाने कॉल. पत्ते तेच, निर्णय उलटा. म्हणून "हा हात चांगला का?" या प्रश्नाला किंमत ऐकल्याशिवाय उत्तर नसतं. दुकानात कुणी विचारलं, "डीएपी खत घेऊ का?" तर मी आधी विचारणारच ना, कितीला मिळतंय?

इथपर्यंत यूट्यूबवर कुणीही शिकवतो. माझी गाडी अडली ती याच्या पुढे.

२०२१ च्या श्रावणातली रात्र. दीड वाजलेला, लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर राउटर आणि मी. तिघेच उरलेलो आणि तिघांकडे जवळपास सारख्याच चिप्स. एकाने सगळं लावलं. माझ्याकडे सत्त्यांची जोडी. मनात म्हटलं, याच्याकडे एक्का-बादशहा असणार, म्हणजे मी पंचावन्नच्या आसपास पुढे. कॉल. निघाला एक्का-बादशहाच! वाचन शंभर टक्के बरोबर. पहिल्या तीन पत्त्यांतच बादशहा पडला आणि मी तिसरा. वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: "७-७. बरोबर खेळलो. नशीब."

दोन महिन्यांनी कागदावर मांडून बघितलं. आकडे गोल करून सांगतो. समजा तिघांत मिळून १००० रुपये वाटायचे आहेत: पहिल्याला ५००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २००. चिप्स सारख्या, म्हणजे काहीच न करता माझ्या जागेची किंमत ३३३. कॉल करून हरलो तर २०० घेऊन घरी. जिंकलो तर माझ्या चिप्स दुप्पट, आणि उरलेल्या एकट्याशी गाठ. तीनात दोनदा पहिला येईन, एकदा दुसरा. त्याची किंमत निघते ४३३. नीट बघा. चिप्स दुप्पट झाल्या, पण किंमत ३३३ ची ६६६ झाली नाही, फक्त ४३३ झाली. जिंकलो तर शंभर वर, हरलो तर १३३ खाली. हा सौदा बरोबरीत सुटायलाच शंभरात ५७ वेळा जिंकावं लागतं. मी ५५ घेऊन बसलो होतो आणि स्वतःची पाठ थोपटत होतो.

असं होतं कारण सगळ्यांच्या सगळ्या चिप्स गोळा करूनही पहिल्याला अर्धंच बक्षीस मिळतं. त्यामुळे तुमच्याजवळच्या चिप्सपेक्षा नव्याने मिळणारी प्रत्येक चिप थोडी स्वस्त असते. चिप्सची बक्षिसातली किंमत काढायच्या या गणिताला आयसीएम म्हणतात. गणित करून देणारी फुकट साधनं नेटवर आहेत, चार दिवस आकडे टाकून बघा, डोळे उघडतात. याचं टोक म्हणजे सॅटेलाइट, म्हणजे रोख बक्षिसाऐवजी पुढच्या मोठ्या स्पर्धेची सारखीच तिकिटं वाटणारी टूर्नामेंट. दहा तिकिटं आहेत, अकरा जण उरलेत आणि तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत. तिथं समोर तेवढाच तगडा खेळाडू सगळं लावून बसला, तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणं बरोबर ठरतं. पहिला आलात तरी तिकीट एकच मिळणार! हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो.

या हिशोबाची दुसरी बाजूही आहे. समोरच्यालाही कॉल करायला ५७ लागतात, म्हणून सगळं लावणारा दोन वाटांनी जिंकतो: समोरचा पळाला तरी आणि पत्ते चांगले निघाले तरी. कॉल करणाऱ्याला एकच वाट. स्टॅक दहा ब्लाइंडवर आला की हे फार कामाला येतं. सगळे फोल्ड करून, म्हणजे पत्ते टाकून, पाळी तुमच्या छोट्या ब्लाइंडवर आली आणि दहाच ब्लाइंड उरले असतील, तर गणिताने अर्ध्याहून जास्त हातांवर सगळं लावायचं असतं (बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या ऐन उंबरठ्यावर, नसाल तर). एक्क्यांच्या जोडीची वाट बघत बसू नका, ती २२१ हातांत सरासरी एकदा येते. तोवर ब्लाइंड तुम्हाला पोखरून संपवतात. म्हणजे लावताना सढळ आणि कॉल करताना चिक्कू. तीन पत्तीवाल्या माणसाला हे उलटं वाटतं, मलाही वाटलं.

गणितापेक्षाही ज्याने मला जास्त बुडवलं ते म्हणजे एक हात हरल्यानंतरची पंधरा मिनिटं. एका रात्री एक्के फुटले आणि मी त्याच टूर्नामेंटमध्ये तीनदा परत एंट्री घेतली. पाणी प्यायला उठलेल्या बायकोने स्क्रीन बघितली. म्हणाली, "अहो, उधारी बुडवणाऱ्याला त्याच रात्री परत माल देता का तुम्ही?" त्यानंतर नियम केला, एका रात्री दोनच टूर्नामेंट. हातपंपावर पाणी येईना म्हणून जोरात हापसण्यात अर्थ नसतो.

घड्याळाचंही एक आहे. ऑनलाइनला निर्णयाला पंधरा-वीस सेकंद मिळतात आणि बोट आपोआप बटणावर जातं. सोपा हात असला तरी मी मुद्दाम पाच सेकंद थांबतो आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटतो: माझे ब्लाइंड किती, हा कुठल्या जागेवरून बोलला, टेबलावर सगळ्यात गरीब कोण. पोरगा हसतो, "बाबा जप करतायत." करू दे.

वहीचं मात्र मनावर घ्या. महत्त्वाचा हात आला की निकाल लागायच्या आत एक ओळ खरडायची: का कॉल केला, समोर काय असेल असं वाटलं. ऑल-इनला, म्हणजे सगळं लावल्यावर, पाचही पत्ते उघडेपर्यंत काही क्षण मिळतात, तेवढे पुरतात. निकाल बघितल्यावर लिहिलेली ओळ खोटी असते. माणूस वकिलासारखा लिहायला लागतो.

आता पैशांचं, कारण त्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील. तुम्ही फुकटातलं खेळता ते उत्तम, तिथंच राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा जुना वाद त्यात चालत नाही. पोकर, रमी, फँटसी सगळं त्यात आलं. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. टेलिग्रामवर कुणी परदेशी ॲपची लिंक देऊन "इथं चालतं" म्हणाला, तर लांब राहा. तिथं पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार? माझं तर त्याआधीच आटोपलं होतं. वर्षाअखेर बेरीज केली तर सगळी मेहनत, जागरणं धरून थोडा खालीच होतो. ११० च्या एंट्रीतले १० खेळवणाराच ठेवून घ्यायचा. आडतीची कपात म्हणा! तेवढं भरून काढायलाच इतरांपेक्षा बरंच सरस खेळावं लागतं. मी सरस नव्हतो. आता आठवड्यातून एकदा फुकटातलं खेळतो, झोप येईपर्यंत.

तर तुमचे बादशहा-गुलाम. समोरच्याकडे एक्का-बादशहा निघाला ते विसरून जा, ते तुम्हाला नंतर कळलं. कॉल करताना काय माहीत होतं? सगळ्यात आधी बोलणाऱ्याने, मागे अख्खं टेबल बाकी असताना, वीस ब्लाइंड लावले. असा माणूस बहुतेक वेळा मोठी जोडी किंवा मोठा एक्का घेऊन बसलेला असतो. त्यासमोर तुमचा हात शंभरात पस्तिसेक वेळा जिंकेल. पॉटच्या साध्या हिशोबाने, चौदा घालून, ब्लाइंडांचे दीड धरून साडेएकोणतीसचा पॉट, शंभरात ४७ लागतात. वर बबल, म्हणजे त्याहूनही जास्त. त्याच्याकडे दुऱ्या-सात निघून तुम्ही जिंकला असतात, तरी मी हेच लिहिलं असतं.

आणि तो दोन ब्लाइंडवाला. तो गेला असता की तुम्ही बक्षिसात, एकही पत्ता न खेळता. एका रंगाचे बादशहा-गुलाम टाकायला जीवावर येतं हे मान्य, दिसायला देखणे असतात. पण मी तर फोल्ड दाबून त्या दोन हातांत चहाला आधण ठेवलं असतं.