लग्नपत्रिका हातानं करायच्या, पण बिनपगारी रजा घेऊन?

प्रश्न: लग्नाला चार महिने आहेत. २४० पत्रिका स्वतःच्या हातानं करायची इच्छा आहे. साहित्याचा खर्च छापखान्याच्या निम्माच येतो. मात्र त्यासाठी कटिंग मशीन घ्यावं लागेल आणि पाच दिवसांची बिनपगारी रजाही. हे पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढावेत का? मशीन पुढे इतरांच्या ऑर्डरी घ्यायलाही उपयोगी पडेल.

पत्रिका जरूर हातानं करा. मशीन, बिनपगारी रजा आणि अडीअडचणीची रक्कम, या तिन्हींना मात्र माझा स्पष्ट नकार आहे.

तुम्ही पाठवलेले आकडे मी तुमच्या पगाराच्या दिवसांत मांडून पाहिले. रक्कम नुसती रक्कम म्हणून डोळ्यांसमोर राहत नाही, पण ‘सात दिवसांची कमाई’ म्हटलं की लगेच कळतं. छापखान्याचा दर सहा दिवसांचा पगार. घरी करायचं साहित्य तीन दिवसांचा. इथवर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मशीनचे सात दिवस आणि रजेचे पाच त्यात मिळवले की बेरीज पंधरावर जाते. सहा वाचवायला निघालो आणि पंधरा घालवून बसलो, असं होईल. तेही अशा चार महिन्यांत, जेव्हा रोज कुणा ना कुणाला आगाऊ पैसे द्यावे लागतात आणि हाताशी रोकड असणं सगळ्यांत गरजेचं असतं. अडीअडचणीची रक्कम नेमकी याच काळात शाबूत हवी.

आता मुळात २४० हा आकडाच तपासू. तुमच्या यादीत नावं २४० आहेत, पण पत्रिका माणसागणिक नाही, घरागणिक जाते. मी मोजली, घरं १३६ भरली. लिहिताना चुकणाऱ्या, डाग पडणाऱ्या आणि आयत्या वेळी आठवणाऱ्या नावांसाठी दहा टक्के जादा धरा. म्हणजे १५०. कागद मात्र एकदमच आणा, कारण पुढच्या खेपेला तोच रंग त्याच छटेचा मिळेलच असं नाही.

१५०साठी साहित्य दोन दिवसांच्या पगाराच्या आत बसेल. धातूची पट्टी, चांगली सुरी, कापायची मॅट आणि घडीची रेघ पाडायचं हत्यार यांना अर्धा दिवस. झाले अडीच. छापखान्याचा दर मात्र संख्येच्या प्रमाणात उतरत नाही, कारण जुळणीचा आणि यंत्र लावण्याचा खर्च १५० प्रतींनाही तेवढाच असतो. मी पाच दिवस धरतो, नेमका आकडा मागून घ्या. म्हणजे बचत अडीच दिवसांची, आठ तासांच्या हिशेबानं २० तासांची.

आणि कष्ट किती तासांचे? एका पत्रिकेला पाच मिनिटं लागतील असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. कापणं, घडी, ठसा, फीत, नाव-पत्ता, पाकीट बंद करणं, मध्ये शाई वाळायला ठेवणं, हे सगळं धरून २० मिनिटं. १५० पत्रिकांचे ५० तास. ५० तास राबून २० तासांचे पैसे वाचणार असतील, तर ‘बचत होते’ हे कारण सोडून द्या. ‘मला करायच्या आहेत’ हे कारण पुरेसं आहे, आणि मला ते मनापासून मान्य आहे.

माझ्या बहिणीच्या पत्रिका आम्ही घरीच केल्या होत्या. जाड कागद, ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. पहिल्या वीसेक पत्रिकांना घडीवर तडे गेले, गडद रंगाखालून पांढरा धागा दिसायला लागला. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे त्यातले तंतू एकाच दिशेनं बसलेले असतात, हे तेव्हा कळलं. कागद आधी उभा, मग आडवा हलकेच वाकवून पाहायचा. ज्या दिशेनं सहज वाकतो, घडी त्याच दिशेनं घालायची, तीही आधी बोथट हत्यारानं रेघ पाडून. पण आजही त्या पत्रिका ज्यांनी जपून ठेवल्यात, ते घडीबद्दल बोलत नाहीत. आत बहिणीनं प्रत्येकाला लिहिलेल्या एका ओळीबद्दल बोलतात.

म्हणून आपुलकी जिथे दिसते तिथेच हात लावा. मजकूर छापून घ्या, कटिंग आणि क्रीजिंगही, म्हणजे घडीची रेघ पाडणंही, छापखान्यातच होऊ द्या. याला पगाराचा आणखी अर्धा दिवस जाईल. स्वतः कोरलेला ठसा, नाव आणि ती एक ओळ तुमची. मग पत्रिकेला आठेक मिनिटं, एकूण २० तास. दोघांनी रोज दोन तास बसलात तर पाच संध्याकाळी. बचत दोन दिवसांची राहते आणि रजेचा प्रश्नच उरत नाही.

टपालाचाही हिशेब करा. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा सोळावा भाग. म्हणजे ३०० जीएसएमचं एक पान १८.७५ ग्रॅम भरतं. त्याच्या अर्ध्याची, ए-फाइव्हची, घडीची पत्रिका साधारण साडेनऊ ग्रॅम, आणि ती सी-सिक्स पाकिटात बसते. त्यावर फीत आणि लाखेची मोहोर आली की वजन आणि जाडी दोन्ही वाढतात, आणि टपालाचा दर वरच्या टप्प्यात जाऊ शकतो. एक पत्रिका पूर्ण करून टपालाच्या खिडकीवर वजन करून घ्या, मगच १५० करायला घ्या. पत्त्यासाठी पाण्यानं न पसरणारी शाई वापरा. आणि जागेचं बुकिंग लेखी पक्कं झाल्याशिवाय एक अक्षरही छापू नका. तारीख आणि वार जुळतात का, ते घराबाहेरच्या माणसाकडून वाचून घ्या. दुसऱ्यांदा छापण्याइतकं महाग यात दुसरं काही नाही.

मशीन पुढे कमाई करून देईल, या विचारात चूक नाही, क्रम उलटा आहे. आधी आगाऊ रक्कम देणारी दोन गिऱ्हाईकं मिळवा. त्या पैशांतून मशीन घ्या. पाती आणि मॅट झिजतात, तो खर्च दर ऑर्डरीत धरा. स्वतःच्या लग्नाच्या १५० पत्रिका ही बाजारातली मागणी नव्हे.

येत्या सुट्टीच्या दिवशी तीन पत्रिका करा, पहिल्या कापणीपासून पाकीट बंद होईपर्यंत घड्याळ लावून. तिसरीला लागलेली मिनिटं खरी धरा आणि १५०नं गुणा. रजेचा अर्ज तोवर खिशातच राहू द्या.