हेडसेटमधून ऐकू येतं, पण माइक अचानक बंद पडला. विंडोज पुन्हा टाकावं का?

अजिबात टाकू नका. तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपला गोल पिनचा हेडसेट आहे, समोरच्याचा आवाज नीट येतो, फक्त तुमचा जात नाही, आणि ओळखीतल्या एकानं "फॉरमॅट मार, सगळं ठीक होईल" असं सुचवलंय. हेच वाक्य मी माझ्या मोठ्या भावाकडून ऐकलं होतं आणि त्यापायी माझं कित्येक आठवड्यांचं काम गेलं.

मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. इतिहासाचं पुस्तक चालू होतं, अकरा धडे झाले होते. बाराव्याला बसले, वीस मिनिटं वाचलं आणि फाइल लावून पाहिली तर काहीच नाही. स्क्रीनवर आवाजाच्या लाटा दिसायच्या तिथे सरळ रेघ. हेडसेटमधून बाकी सगळं ऐकू येत होतं, म्हणून पिनकडे बघावं असं मनातही आलं नाही. दादाला फोन केला. तो म्हणाला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजमधला आवाजाचं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, उडाला असणार. ड्रायव्हर काढून परत टाकला, फरक शून्य. संध्याकाळी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "कुठे शोधत बसतेस, विंडोज नवीन टाकतो, तासाभराचं काम." महत्त्वाचं काही आहे का, असं त्यानं विचारलं होतं, हे मान्य करते. मी म्हटलं, माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे. पुस्तकाचा फोल्डर डेस्कटॉपवर होता. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो आणि विंडोज नवीन टाकताना तोच पुसला जातो, हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, पण त्यानं उघडून बघितलं नाही.

अकरा धडे पुसले गेले आणि माइक होता तसाच बंद.

दोन दिवसांनी सहज तोच हेडसेट फोनला लावला तर माइक खणखणीत चालला. मग लॅपटॉपच्या भोकात उजेड धरून पाहिलं. तळाशी काहीतरी करडं दिसत होतं. लाकडी टूथपिकनं हळूहळू कोरलं तेव्हा तिळाएवढी गोळी बाहेर आली, बॅगेतली धूळ आणि कपड्यांचे धागे दाबून दाबून घट्ट झालेली. पिन परत घातली आणि 'टक्' असा आवाज झाला. तो आवाज कित्येक दिवसांत आला नव्हता, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

आता हे का होतं ते. तुमची पिन हातात घेऊन बघा. माइकवाल्या हेडसेटच्या पिनवर तीन काळ्या रेषा असतात आणि त्यांच्यामुळे धातूचे चार भाग पडतात. टोकाकडून पहिला डाव्या कानाचा, दुसरा उजव्या कानाचा, तिसरा ग्राउंड (बाकी सगळ्यांची सामायिक परतीची वाट) आणि शेवटचा, प्लास्टिकला चिकटून असलेला, माइकचा. (काही जुन्या हेडसेटमध्ये शेवटचे दोन उलटे असतात, ते नव्या लॅपटॉपवर नीट चालत नाहीत.) पिन जराशी बाहेर राहिली तरी आवाज कसाबसा येत राहतो, माइक मात्र आधी जातो. शिवाय माइकला चालायला कॉम्प्युटरकडून थोडंसं व्होल्टेज लागतं, तेही याच जोडणीतून येतं. म्हणून "ऐकू येतंय म्हणजे हेडसेट नीट लागलाय" हा हिशेब चुकीचा आहे. वायरवरचं म्यूटचं बटण तुम्ही पाहिलं असेलच.

तेव्हा पहिलं काम, हेडसेट दुसऱ्या फोनला किंवा लॅपटॉपला लावून बघा. तिथेही माइक बंद असेल तर हेडसेटच बिघडलाय, बहुधा वायर तुटली असणार, विंडोजचा काही संबंध नाही. तिथे चालला तर भोक तपासा. तेही स्वच्छ असेल तरच सेटिंगकडे वळा. साउंडमध्ये इनपुटला हेडसेटच निवडलाय का, की वेबकॅमचा माइक, ते बघा आणि बोलताना पट्टी हलते का ते बघा. पट्टी हलत असेल तर माइक ठणठणीत आहे, घोटाळा त्या एका अ‍ॅपमध्ये आहे. हलत नसेल तर प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा. 2018 च्या एप्रिलमध्ये विंडोज 10 ला मोठं अपडेट आलं, तेव्हापासून ती परवानगी बंद असली की डेस्कटॉपवरच्या साध्या प्रोग्रॅमनाही माइक मिळत नाही. अनेकांचे माइक तेव्हा असेच मुके झाले होते आणि अनेकांनी उगाच ड्रायव्हर बदलले.

दादा आजही म्हणतो की बॅकअप न घेणं ही माझी चूक. ती आहेच. पण ज्याला कॉम्प्युटरमधलं कळतं, त्यानं दुसऱ्याचं मशीन पुसण्याआधी पाच मिनिटं पिन बघायला काय हरकत होती? कळणाऱ्याची जबाबदारी जास्त असते, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या त्या ओळखीच्या माणसालाही हेच विचारा, की हेडसेट दुसरीकडे लावून पाहिला का. नाही म्हणाला तर त्याच्या हातात लॅपटॉप देऊ नका. ते अकरा धडे मी पुन्हा वाचले, पण मुलांना परीक्षेआधी सातच मिळाले.

एक राहिलं. भोक कोरताना लॅपटॉप पूर्ण बंद करा, आणि सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका, आतल्या पट्ट्या वाकतात. माइक आणि स्पीकरची भोकं वेगळी असलेला टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर चार भागांच्या या एका पिननं माइक चालणारच नाही, दोन फाटे करणारा जोड लागेल. यूएसबी हेडसेटला यातलं पिनचं काहीच लागू नाही, त्याचं साउंड कार्ड, म्हणजे आवाजाचं सर्किट, त्याच्यातच असतं. ब्लूटूथचा असेल तर माइक सुरू होताच गाण्याचा आवाज बोदा होतो, तो बिघाड नव्हे.

तुमच्या पिनवर काळ्या रेषा किती आहेत आणि आत घालताना टक् होतं का, एवढं बघून सांगा.