अंदाज बरोबर आला, पैसे गेले

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी रात्री तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. निफ्टीच्या ऑप्शनमधला नफा, हिरव्या आकड्यांत 18,400 रुपये, खाली टाळ्यांचे तीन इमोजी आणि मग प्रश्न, "मावशी, पर्सनल लोन काढून कॅपिटल वाढवू का?" फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता आणि तू फोन ठेवला असतास. म्हणून लिहिते आहे.

लोनचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही. त्यावर चर्चा नको.

आता बाकीचं. मी साताऱ्यात लोकांची रिटर्न्स भरते, हे तुला माहीत आहे. पूर्वी माझ्याकडे आयटीआर-3, म्हणजे धंद्याच्या उत्पन्नाचा फॉर्म, म्हटलं की डॉक्टर, दुकानदार, कंत्राटदार असायचे. आता पंचविशीतली नोकरदार मुलं येतात, कारण एफ अँड ओचा, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा, नफा-तोटा कायद्यानं धंद्यात मोडतो. समोर बसली की बहुतेकांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "माझा व्ह्यू बरोबर होता." आधी मला ती सबब वाटायची. कॉन्ट्रॅक्ट नोट्स, म्हणजे ब्रोकरच्या सौद्यांच्या पावत्या, चाळायला लागले तेव्हा कळलं, पुष्कळांचा व्ह्यू खरोखरच बरोबर असतो. तरीही पैसे जातात. मला तुला एवढंच सांगायचं आहे.

निफ्टी बाजूला ठेव, कारण तू आता शेअर्सच्या ऑप्शनकडे वळणार म्हणतेस. समज, एक शेअर 1,000 रुपयांना आहे. तो वर जाणार असं तुला वाटतं, म्हणून तू 1,020 चा कॉल, म्हणजे महिनाअखेर तो शेअर 1,020 ला घेण्याचा हक्क, शेअरमागे 18 रुपयांना घेतेस. लॉट (एका सौद्यातले शेअर) 500 चा, म्हणजे 9,000 रुपये गेले. महिनाअखेर शेअर 1,030 वर बंद झाला. तीन टक्के वाढला, तुझा अंदाज खरा ठरला. पण कॉलची किंमत उरली 10 रुपये, म्हणजे 5,000. चार हजारांचा तोटा, वर ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळे. तुला नुसतं 'वर जाईल' एवढं ओळखून चालणार नव्हतं. 1,038 च्या वर जाईल, आणि याच महिन्यात जाईल, हे ओळखायला हवं होतं. शेअर घेऊन ठेवला असतास तर पुढच्या महिन्याची वाट पाहता आली असती. ऑप्शन थांबत नाही. तू ऑफिसात मीटिंगमध्ये असतेस, शनिवारी ट्रेकला जातेस, तेव्हाही त्या 18 रुपयांतला वेळेचा भाग झिजत असतो.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. प्रीमियममध्ये, म्हणजे ऑप्शनसाठी मोजलेल्या पैशांत, भीतीचीही किंमत असते. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, 4 जून 2024 ला, निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला. दुसऱ्या दिवशी तीन टक्क्यांहून जास्त उसळला. पण त्याच दिवशी इंडिया व्हिक्स, म्हणजे बाजारातली भीती मोजणारा निर्देशांक, 27 च्या आसपासवरून 19 च्या घरात आला. घबराटीत महाग कॉल घेतलेल्यांना बाजार वर जाताना दिसत होता, पण हिशेबाइतका फायदा हाती येत नव्हता. लांबच्या स्ट्राइकचे, म्हणजे बाजारभावापासून दूरच्या ठरलेल्या भावाचे, काही कॉल तर स्वस्तच झाले. कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी ऑप्शन घेशील तेव्हा हे आठव. निकाल चांगला लागेलही, पण तो लागला की अनिश्चितता संपते आणि तिच्यासाठी मोजलेले पैसेही तिच्याबरोबर जातात.

आता ज्यासाठी हे पत्र लांबलं ते. निफ्टीचा ऑप्शन रोखीत मिटतो. शेअरचा मिटत नाही. ऑक्टोबर 2019 पासून सगळ्या शेअर्सच्या एफ अँड ओमध्ये डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष शेअर देणं-घेणं, सक्तीची आहे. वरच्याच उदाहरणात तू एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, कॉल धरून बसलीस आणि शेअर 1,030 ला बंद झाला, तर तुला 1,020 च्या भावानं 500 शेअर घ्यावे लागतात. पाच लाख दहा हजार रुपये! हातात नऊ हजारांचा सौदा आणि देणं पाच लाखांचं. पुट, म्हणजे विकण्याचा हक्क, असेल तर उलट, शेअर द्यावे लागतात, आणि डीमॅटमध्ये नसतील तर ऑक्शनचा, म्हणजे ते लिलावात घेऊन देण्याचा, भुर्दंड. ब्रोकरला हे माहीत असतं, म्हणून शेवटच्या चार दिवसांत तो मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, वाढवत नेतो आणि पैसे नसतील तर तुझी पोझिशन मिळेल त्या भावाला कापतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला हे "जास्तीत जास्त तोटा म्हणजे प्रीमियम" या एका वाक्यानं शिकवलं होतं. ते वाक्य खोटं नाही, अपुरं आहे. आणि हे अपुरेपण त्याला एक्स्पायरीच्या गुरुवारी दुपारी समजलं. तेव्हा एक्स्पायरी गुरुवारी असायची.

आणि हो, 'मिळेल त्या भावाला' हे शब्द नीट वाच. निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकला घेणारे-विकणारे खच्चून असतात. मधल्या एखाद्या शेअरच्या ऑप्शनमध्ये बिड (घेणाऱ्याचा भाव) 8 आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) 11 असं दिसतं. 500 च्या लॉटला आत जाऊन लगेच बाहेर पडलीस तरी दीड हजार गेले, कुणी काही न करता. स्क्रीनवर दिसणारा नफा शेवटच्या सौद्याच्या भावावर मोजलेला असतो. त्या भावाला घेणारा आता कुणी आहे का, हे तो सांगत नाही.

मग तू म्हणशील, विकत घेणाऱ्याचा तोटा होतो तर मी विकते. तुझ्या ग्रुपमधला तो दादा हेच सांगतो ना? विमा कंपनी प्रीमियमवर जगते हे खरं. पण विमा कंपनीकडे हजारो पॉलिसी असतात, भांडवल असतं, पुनर्विमा असतो. तुझ्याकडे एक पगार आहे. ऑप्शन विकणारा महिनोन् महिने थोडं थोडं कमावतो, त्याचा अंदाज दहातल्या नऊ वेळा खरा ठरतो, आणि मग एक 4 जून येतो. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 23,264 ला बंद झाला होता. त्या दिवशी पुट विकून झोपलेल्यांना दुसऱ्या दिवशी तो 21,884 ला बंद झालेला दिसला. वर्षाची कमाई एका दुपारी जाते, आणि कधी कधी वर्षाच्या कमाईवर भागतही नाही.

सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियंत्रकाचे, आकडे तुला ठाऊक असतील, तरी लिहिते. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओमधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सनी पैसे गमावले. खर्च धरून एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. एक लाखाहून जास्त नफा झालेले फक्त एक टक्का. 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच होते. पण मला यातला वेगळाच आकडा खुपतो. 2023-24 मध्ये परदेशी फंडांचा आणि प्रोप्रायटरी ट्रेडर्सचा (स्वतःच्याच पैशानं सौदे करणाऱ्या ब्रोकर कंपन्यांचा) जो नफा झाला, त्यातला 96-97 टक्के अल्गोमधून, म्हणजे संगणकानं आपोआप केलेल्या सौद्यांतून, आला. म्हणजे तू चहा घेऊन मोबाइलवर चार्ट बघतेस तेव्हा समोर बसलेला माणूसच नसतो. आणि त्याच वर्षी ट्रेडरमागे सरासरी 26,000 रुपये नुसत्या खर्चात गेले, ब्रोकरेज, एक्स्चेंजची फी, कर वगैरे. तू वीस रुपये ऑर्डरला म्हणजे फुकटच म्हणतेस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हा काही नव्या जमान्याचा रोग नाही, बरं का. 1956 च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायद्यात ऑप्शनची व्याख्या वाच. त्यात इंग्रजी पुट-कॉलच्या बरोबरीनं तेजी, मंदी, तेजी-मंदी, गल्ली असे बाजारातले आपले शब्द जसेच्या तसे आले आहेत. त्याच कायद्यानं त्यांच्यावर बंदी घातली होती. ती 1995 मध्ये उठली आणि 2001 मध्ये एनएसईवर ऑप्शन सुरू झाले. मी बंदीच्या बाजूची नाही. तुझ्या बाबांकडे एखाद्या कंपनीचे पाचशे शेअर असतील आणि मुलीच्या लग्नापर्यंत ते पडू नयेत असं वाटत असेल, तर पुट घेणं शहाणपणाचं आहे. (लग्नाचं नुसतं उदाहरण आहे, चिडू नकोस.)

टॅक्सचं एक, कारण ते विचारायला तू मार्चमध्येच येशील. हा तोटा पगारातून वजा होत नाही. मुदतीत आयटीआर-3 भरलास तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, तोही धंद्याच्या नफ्यासमोरच. तोटा झालाय मग रिटर्नमध्ये कशाला दाखवायचा, असं समजून तो दडवणारी मुलं दर वर्षी येतात. तू तसं करू नकोस.

येत्या रविवारी सातारला येणार आहेस ना? येताना स्क्रीनशॉट आणू नकोस. ब्रोकरच्या ॲपमध्ये टॅक्स पी अँड एल नावाचा रिपोर्ट असतो, तो पहिल्या सौद्यापासून आजपर्यंतचा काढ, चार्जेससकट, आणि छापून आण. सोबत एक कोरी वही. डाव्या बाजूला तुझा अंदाज खरा ठरला ते सौदे लिहू, उजव्या बाजूला त्यात खरंच पैसे मिळाले ते. बेरीज तू करायची, मी पोहे करते.

तुझी,
मावशी