जुन्या हार्ड डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं सुरक्षित कशी काढू?

तीन जुन्या डिस्क, त्यातली एक टकटक करते, आणि सुरुवात कुठून करायची हा तुमचा प्रश्न.

टकटक करणारी आधी बाजूला ठेवा आणि पुन्हा जोडून बघण्याचा मोह टाळा. तो आवाज बहुतेक वेळा आतल्या हेडला, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या टोकाला, आपली जागा सापडत नसल्याचा असतो. बिघडलेलं हेड तबकडीवर घासलं तर तिथला डेटा कायमचा जातो. तिच्यावरचं दुसरीकडे कुठेच नसेल, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच द्या. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता उरलेल्या दोन. डेस्कटॉपमधल्या साडेतीन इंची डिस्कला 12 व्होल्टही लागतात आणि साध्या यूएसबी पोर्टमधून 5 व्होल्टच मिळतात, त्यामुळे स्वतःचा पॉवर अडॅप्टर असलेला कन्व्हर्टर घ्या. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क सहसा यूएसबीवरच चालते. मागे दोन ओळींत पिना दिसल्या तर ती आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची. मग साटा (नंतरची जोडणी) आणि आयडीई दोन्ही चालणारा कन्व्हर्टर बघा.

जोडल्यावर विंडोजने ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं तर कॅन्सल. विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्कही नको, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ती त्याच डिस्कवर लिहायला लागते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यांचे, आकडे बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्यावर नसेल, म्हणजे काही जागा वाचता येत नसतील, तर फोल्डर ओढून कॉपी करत बसू नका. अशा वेळी लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. ते खराब भागाशी झटत बसत नाही. आधी सहज वाचता येईल तेवढं उचलतं, अडलेल्या जागा मॅप फाइलमध्ये नोंदवतं आणि मग त्यांच्याकडे वळतं. मध्येच थांबवलं तरी मॅपमुळे तिथूनच पुढे सुरू होतं. इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत, ठेवायला मूळ डिस्कपेक्षा मोठी जागा लागते. पुढची सगळी खटपट, अगदी हरवलेल्या फाइल शोधणारं फोटोरेकसुद्धा, त्या इमेजवर करायची.

आकडे चांगले असतील तर साधी कॉपी चालेल. फक्त ‘कट’ करू नका, आणि जुन्या डिस्कवर आवराआवर तर मुळीच नको. फोटो उघडून बघत ‘हा ठेवू, हा नको’ करण्यात तासन्‌तास जातात आणि म्हातारी डिस्क तेवढा वेळ उगाच फिरत राहते. सगळं जसंच्या तसं उचला, निवड नंतर. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करणारी कमांड वापरणार असाल तर पुन्हा प्रयत्नांची संख्या एकदोनवर आणा. ती संख्या न सांगता सोडली तर एका न वाचणाऱ्या फाइलसाठी ती 10 लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी 30 सेकंद थांबून!

जुन्या यूझर फोल्डरवर ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर घाबरू नका, डेटा बहुधा शाबूत असतो. फाइल जुन्या विंडोजच्या खात्याच्या नावावर असतात. जुन्या डिस्कवर परवानग्या बदलत बसण्यापेक्षा लाइव्ह लिनक्सवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) वाचा.

नव्या डिस्कवर आलं म्हणजे बॅकअप झाला असं नाही, ती एकच प्रत झाली. दुसरी वेगळ्या डिस्कवर करा, जमल्यास वेगळ्या ठिकाणी ठेवा. क्लाउड सिंकला मी बॅकअप धरत नाही, कारण इकडे चुकून पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला एसएसडी नको. वीज न मिळता पडून राहिली की तिच्यातला चार्ज हळूहळू उतरतो.

दोन्ही प्रतींचे हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळेपर्यंत जुन्या डिस्क पुसू नका. आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स, आउटलुकची ईमेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क आले का, तेही बघा. ‘माय डॉक्युमेंट्स’ तेवढं उचलून मोकळे होणाऱ्यांचं नेमकं हेच मागे राहतं.