नऊ वर्षांच्या मुलीसाठी शेवटी नाटकाचा प्रयोग होणारंच उन्हाळी शिबिर निवडावं का?

नाही, १५ दिवसांच्या शिबिरात प्रयोगाची अट धरू नका. रोज दोन तास धरले तर हाती ३० तास येतात. तयार संहिता घेतली की त्यातला बराच वेळ पाठांतरात जातो. चार मुलं बोलतात, बाकीची गर्दीत उभी राहतात. त्यापेक्षा आवाज, मूकाभिनय, नाट्यखेळ घेऊन मुलांच्याच उत्स्फूर्त प्रसंगांतून १५ मिनिटांचं सादरीकरण करणारं शिबिर बघा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं १९८९पासूनचं ‘संस्कार रंग टोली’ हे पथकही मुलांच्या सहभागावरच भर देतं. एका प्रशिक्षकामागे किती मुलं, हे आधी विचारा. विसाच्या पुढे गेलं की प्रत्येकाची पाळी येत नाही. तेरा-चौदा वर्षांपुढच्या मुलांना मात्र संहितेवरचं काम जरूर द्यावं, पण त्याला महिनाभर हवा.