व्हिडिओत ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतायत? बोर्ड बदलण्याआधी कॅमेरा 'पाल'वर आणि शटर १/५० करून बघा

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं पुन्हा ठणकायला लागलं. बहिणीचा साखरपुडा, हॉलमध्ये ट्यूबलाइट, ४के ६० (सेकंदाला ६० फ्रेम), शटर १/१२५ सेकंद, मागच्या भिंतीवरून काळपट पट्टे सरकतायत आणि सर्व्हिस सेंटर म्हणतंय, सेन्सरचा बोर्ड बदला. थांबा. अजून एक पैसाही देऊ नका. तुमची क्लिप मी पाहिलेली नाही, त्यामुळे हमी देत नाही. पण अंगणातले शॉट स्वच्छ आले आहेत असं तुम्हीच लिहिलंय. बोर्ड गेला असता तर तो उन्हात बरा आणि हॉलमध्ये आजारी, असं वागला नसता.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की सेन्सरच्या प्रत्येक ओळीला उजळण्या-मंदावण्याचे एक किंवा दोन पूर्ण ठोके मिळतात, उजेड सगळीकडे सारखा पडतो. १/१२५ ला ठोका पुरा होत नाही. त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, मग काही ओळींना जास्त उजेड, काहींना कमी. १०० ला ६० ने पूर्ण भाग जात नाही म्हणून पट्टे सरकतात. २५ ने जातो, म्हणून २५ वर शटर चुकलं तरी ते साधारण जागेवर राहतात. साधारण म्हणतोय, कारण ग्रिडही नेमका ५० वर नसतो, ४९.९० ते ५०.०५ मध्ये खालीवर होत असतो.

म्हणजे ६० वर १/१०० ठेवलं असतंत तरी वाचला असतात. हे त्या काउंटरवर कोणी सांगणार नाही.

आता माझं. नाव घेत नाही, पण ते अधिकृत सर्व्हिस सेंटर होतं, भाड्याच्या गाळ्यातलं नव्हे. माझा कॅमेरा गेला होता डायल अडकते म्हणून. डायल नीट झाली. टेस्टिंग करताना त्यांनी व्हिडिओ सिस्टिम पालवरून (आपली, २५-५० फ्रेमची) एनटीएससीवर (अमेरिकेतली, ३०-६० ची) नेली आणि तशीच ठेवून कॅमेरा हातात दिला. जॉबशीटवर त्याचा उल्लेख नाही, तोंडी कोणी बोललं नाही. पुढचं काम शाळेच्या स्नेहसंमेलनाचं. स्टेजवर ठीक, पण वर्गात मेकअप चाललेली पोरं, बाईंची धावपळ, त्या सगळ्यावर पट्टेच पट्टे.

परत नेला. काउंटरवरच्या मुलाने पेनड्राइव्ह लावला, पाच सेकंद क्लिप बघितली, क्लिप न थांबवता स्क्रीनवर बोट टेकवून म्हणाला, "सेन्सर." जॉबशीटवर लिहिलं: 'व्हिडिओमध्ये लाइन्स, मेन पीसीबी बदलणे.' पीसीबी म्हणजे तोच सर्किट बोर्ड. कुठल्या दिव्याखाली शूट केलंय, शटर किती, फ्रेम रेट किती, यातलं काही विचारलं नाही. आतल्या टेबलाशी मोठी खिडकी, तिथे तपासला तर अर्थातच दोष सापडेना. मग शेरा 'दोष आढळला नाही', तपासणी फी वेगळी. मी पुन्हा नेला, पुन्हा पीसीबीचं एस्टिमेट. ऐन लग्नसराईत कॅमेरा त्यांच्या कपाटात आणि मी भाड्याच्या कॅमेऱ्यावर. शेवटी व्हीएचएसच्या काळापासून लग्नं शूट करणाऱ्या आमच्याकडच्या एका काकांनी मेनू उघडला आणि म्हणाले, "अरे, हा अमेरिकेला गेलाय." इथे मिळणारे त्यांचे जुने कॅमेरे पालच असायचे. बदलायची सोयच नव्हती, म्हणून बिघडवायचीही नव्हती.

कॅमेरा दुरुस्तीहून आला की बिल भरण्याआधी तिथेच उभं राहून मेनू तपासा. काही कॅमेरे पालवाले असून एनटीएससीवर गेले तर चालू करताना तसा संदेश दाखवतात, सगळे दाखवत नाहीत. आणि सिस्टिम बदलताना काहींना कार्ड फॉरमॅट करावं लागतं, तेव्हा आधी डेटा उतरवा.

फ्रेम रेटबद्दल माझं मत थोडं हेकट आहे, पटलं तर घ्या. भारतात कृत्रिम उजेडात शूट करत असाल तर २५ चं कुटुंब धरा: २५, ५०, १००. आपली वीज ५० ची, १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं तेही पालमध्ये. ३० आणि ६० हे ६० हर्ट्झवाल्या देशांचे आकडे. साखरपुडा, मुंज, भाषण सरळ २५ आणि १/५०. वरात, लेझीम, नाच स्लो करायचा असेल तर ५० आणि १/१००, २५ च्या टाइमलाइनवर बरोबर निम्मा वेग होतो. जास्त स्लो हवं तर १००. १२० घेऊ नका, कारण तिथे शटर १/१२० हून सावकाश ठेवताच येत नाही, म्हणजे ट्यूबखाली ठोका अपुराच राहणार. 'यूट्यूबवर सगळे ६० म्हणतात' असं तुम्ही लिहिलंय. त्यातले बरेच अमेरिकेतल्या घरात बसून सांगतायत, त्यांच्या दिव्यांखाली ते खरंच आहे.

२४ वाल्यांशी माझं भांडण नाही. थिएटरसाठी शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी जरूर २४ वर करावी, १/५० ने तिथेही पट्टे येत नाहीत. पण साखरपुड्याला 'सिनेमॅटिक' म्हणून २४, मामाच्या मोबाइलचे ३०, ड्रोनवाल्याचे ६०, आणि एडिटला बसल्यावर कॅमेरा वळला की चित्र अडखळतं, हे रोज बघतो. सगळ्यांना आधीच एक आकडा सांगा. आयफोनवाल्यांना व्हिडिओच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट चालू करायला लावा, २५ तिथे दडलेला आहे. आणि २४ व २३.९७६ एकच समजू नका. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असेल आणि एडिटमध्ये एकाला दुसरा धरलात, तर तासाला साडेतीन सेकंदांहून जास्त फरक पडतो. मंगलाष्टका संपल्या तरी भटजींचे ओठ हलत राहतात.

दोन ठिकाणी हे सगळं फसतं. जनरेटरवरचा मांडव: लोड वाढला की इंजिनाचा वेग पडतो, हर्ट्झ हलतात आणि १/५० वरही बारीक लुकलुक दिसते. आणि डीजेचे एलईडी पार (रंगीत स्टेजचे दिवे) किंवा एलईडी वॉल: त्यांची लुकलुक विजेच्या ठोक्यावर चालतच नाही, डिमरच्या वेगाने चालते. तिथे कॅमेऱ्यात शटर बारीक पायऱ्यांनी बदलता येत असेल तर स्क्रीनकडे बघत फिरवा. नसेल तर डीजेवाल्याला दिवे फुल करायला सांगा, बहुतेक वेळा फरक पडतो. ऐकेल की नाही, ते वेगळं.

उन्हात १/५० ठेवायचं तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळपट काच, लागेल. तेवढा खर्च नको असेल तर उन्हात शटर वाढवा, तिथे पट्ट्यांची भीती नाही.

झालेल्या फुटेजचं सांगतो. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या पैसेवाल्या स्टुडिओ आवृत्तीत लुकलुक घालवणारं डीफ्लिकर आहे, त्यात फ्लुरोसंट दिव्यांसाठी वेगळा पर्याय मिळतो, तो आधी लावून बघा. नाहीतर तीच क्लिप तीन थरांवर ठेवा, दुसरा थर एक फ्रेम आणि तिसरा दोन फ्रेम सरकवा, पारदर्शकता खालून वर १००, ५०, ३३. तुमच्या ६० वर पट्टे दर तीन फ्रेमनंतर त्याच जागी येतात, त्यामुळे ते एकमेकांत मिसळून जातात. हात हलले की मागे सावली उमटते, म्हणून फक्त बसलेल्या पाहुण्यांच्या शॉटला वापरा, अंगठी घालतानाच्या शॉटला नको.

तरी खात्री नसेल तर दहा सेकंदांची क्लिप इथे टाका. कार्डावरची मूळ फाइल टाका, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, त्यात काही कळत नाही.